मुलांच्या मोबाईलमधील अभ्यासाची ॲप्स : निवड बेण्यासारखी करावी



या सदरातून आम्ही दर वेळी लागण, खत, पाणी किंवा खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, आणि तो तुम्हीच आमच्यापुढे आणला. गेल्या गळीत हंगामात गटवार बैठका घेताना असे दिसले की, ऊस नोंदीचे आणि तोडणीच्या पाळीचे प्रश्न संपले की एखादा सभासद मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "साहेब, पोरगं दहावीला हाय. अभ्यासाचं ॲप टाकतो म्हणून मोबाईल मागतंय. द्यावा का नको?" एका गावात तर चार भगिनींनी मिळून हाच प्रश्न विचारला.

आम्ही संगणकातले तज्ज्ञ नव्हे. आमचे शिक्षण कृषी पदविकेचे आणि उमर गेली उसाच्या फडात. परंतु आमच्याही घरी दहावीतली मुलगी आहे, आणि आमच्या गटात घडलेला एक प्रकार आम्ही जवळून पाहिला. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

गटात काय घडले?

नाव-गाव सांगत नाही. एका सभासदाचा मुलगा अकरावीत शिकणारा, हुशार आणि कष्टाळू. घरात चांगला मोबाईल एकच, तोही वडिलांचा. ई-पीक पाहणी त्याच मोबाईलवर, बँकेचे संदेश त्याच्यावर, पैशाची देवघेव त्याच्यावर आणि मुलाचा अभ्यासही त्याच्यावरच. मुलाला एका मित्राने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. "अभ्यासाचं वेळापत्रक आपोआप लावून देतं, फुकट आहे," असे सांगितले. मुलाने ती फाइल उघडून ॲप टाकले. ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली आणि पोराने घाईत होकार दिला. वेळापत्रक काही उघडले नाही.

संध्याकाळी बँकेचे ओटीपीचे संदेश लागोपाठ येऊ लागले. मुलाच्या मनात पाल चुकचुकली. पण "दादा रागावतील" या भीतीने तो रात्रभर गप्प राहिला. सकाळी वडील बँकेत गेले तेव्हा उसाच्या पहिल्या हप्त्यातली बरीच रक्कम गेलेली होती. तक्रार केल्यावर थोडे पैसे पुढच्या खात्यात अडवता आले, बाकीचे तोवर लांब गेले होते.

ते सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, पैसे गेले ते पुढच्या बिलात भरून निघतील. पण पोरगं रात्रभर जागं राहिलं आणि मला सांगितलं नाही, ते जास्त लागलं."

हे बोलणे आम्ही विसरलो नाही. ॲप कोणते चांगले हा अर्धा प्रश्न झाला. काही बिघडले तर पोराने तासाभरात येऊन आपल्याला सांगावे, असे घरातले वातावरण आहे का, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

आधी गरज ठरवावी

जमीन कशी आहे, पाणी किती आहे, हे पाहिल्याशिवाय आपण उसाची जात ठरवत नाही. ॲपचेही तेच आहे. मुलाला जवळ बसवून विचारावे, "तुझं अडतंय कुठं?" साधारणपणे चार उत्तरे येतात :

१) काय करायचे ते लक्षात राहत नाही. परीक्षेच्या तारखा, प्रकल्प, प्रात्यक्षिक वह्या विसरतात.
२) अभ्यासाला बसले की मन लागत नाही.
३) वाचलेले ध्यानात राहत नाही.
४) पुस्तके, नोट्स, दाखले वेळेला सापडत नाहीत.

ज्याचे अडते त्यापुरतेच एक ॲप घ्यावे. वहीतल्या वेळापत्रकावर मुलाचे नीट चालत असेल तर ॲप घेऊच नये. जे काम खुरप्याने होते त्याला ट्रॅक्टर कशाला?

निवडीच्या पाच कसोट्या

पहिली : बेणे कोणाच्या मळ्यातले? बेणे घेताना आपण मळा पाहतो. खोडव्याचे बेणे घेत नाही, काणी किंवा गवताळ वाढ असलेल्या फडातले घेत नाही. ॲपसुद्धा अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअरमधून आणि ॲपलच्या मोबाईलवर ॲप स्टोअरमधूनच घ्यावे. व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा एसएमएसमधून आलेली 'एपीके' नावाची फाइल कोणीही पाठवलेली असो, उघडू नये. पीएम किसानच्या नावाने आणि वाहनाच्या चलनाच्या नावाने अशा फाइली पाठवून अनेकांना फसवले गेले आहे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' अशी परवानगी असते. ती व्हॉट्सॲप आणि ब्राउझर या दोहोंसाठी बंद आहे ना, ते आजच पाहून घ्यावे.

दुसरी : ॲप मागते काय? कामाशी मेळ नसलेली परवानगी मागणारे ॲप घेऊ नये. आठवण देणाऱ्या ॲपला सूचना दाखवण्याची परवानगी लागते. कागदाचा फोटो काढणाऱ्याला कॅमेरा लागतो. पण वेळापत्रकाला तुमचे एसएमएस, फोननंबरांची यादी किंवा तुम्ही कोठे आहात हे कशाला हवे? सर्वांत सांभाळण्याची परवानगी 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची. ती मूळ दिव्यांगांच्या सोयीसाठी आहे, परंतु ती मिळालेले ॲप पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. इतर ॲप्स अडवून ठेवणारी काही अभ्यासाची ॲप्स ती मागतात. ज्या मोबाईलवर बँकेचे व्यवहार होतात त्याच्यावर ती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी : पैसे कोठून कमावते? फुकटचे ॲप कोणीतरी खर्च करूनच चालवतो. काही जाहिराती दाखवतात, काही मुलांची माहिती गोळा करतात, काही पुढे वर्गणी मागतात. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक ॲपच्या पानावर 'डेटा सेफ्टी' हा भाग २०२२ पासून असतो. कोणती माहिती गोळा होते आणि कोणाला दिली जाते, हे त्यात लिहिलेले असते. ही माहिती ॲप करणाराच भरतो, तेव्हा तिला माती परीक्षणाचा दाखला समजू नये, विक्रेत्याचे बोलणे समजावे. तरीही ती वाचावी. सात दिवस फुकट म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडायला सांगणारे ॲप टाळावे. ॲप काढून टाकले तरी वर्गणी आपोआप थांबत नाही, ती स्टोअरमधील वर्गणीच्या यादीत जाऊन वेगळी बंद करावी लागते.

चौथी : अनोळखी माणसे आत आहेत का? काही ॲप्समध्ये अभ्यासाचे गट, गुणांची शर्यत आणि गप्पांची सोय असते. पलीकडे कोण आहे ते कळत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला गप्पांची सोय नसलेले ॲप घ्यावे, किंवा ती सोय बंद करून द्यावी. खात्याला स्वतःचा फोटो, शाळेचे नाव आणि गाव टाकू नये.

पाचवी : वेळ वाचतो की जातो? ही कसोटी लागण झाल्यावरची. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

लाखांनी घेतले म्हणून चांगले नव्हे

"साहेब, सगळी पोरं हेच वापरतात," असे मुले म्हणतात. यावर एक खरी हकिकत सांगतो. कागदाचा फोटो काढून त्याची पीडीएफ करणारे कॅमस्कॅनर हे ॲप एके काळी घरोघरी होते. जगभरात ते दहा कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीतील जाहिरातीच्या भागात घातक प्रोग्रॅम आढळला, आणि गूगलने ते प्ले स्टोअरवरून काढले. दुरुस्तीनंतर ते परत आले. पुढे जून २०२० मध्ये भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांतही त्याचे नाव होते.

ध्यानात घेण्यासारखे हे की, ॲपचे मूळ काम ठीक चालत होते. रोग आला तो जाहिरातीसाठी बाहेरून जोडलेल्या भागातून. कांडी वरून चांगली दिसते आणि रोग आत असतो, तसा हा प्रकार. म्हणून जाहिरातींचा भडिमार असलेले ॲप शक्यतो घेऊ नये. आज कागद स्कॅन करण्याची सोय गूगल ड्राइव्हमध्येच असते, त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही.

सरकारी किंवा शाळेने सुचवलेले असले तरी डोळे उघडे ठेवावेत. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक ॲप्स आणि संकेतस्थळे तपासली. त्यांतील दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या माहितीच्या बाबतीत धोक्याची ठरली. आपल्याकडच्या 'दीक्षा' ॲपवरही मुलाचे ठिकाण जाणून घेण्याबद्दल त्यात आक्षेप होता. म्हणून 'दीक्षा' टाकूच नये असे नाही. ते टाकावे, पण ठिकाणाची परवानगी देऊ नये. सेटिंग, त्यात ॲप्स, त्यात त्या ॲपचे नाव आणि मग परवानग्या, या वाटेने गेले की दिलेली परवानगी परतही घेता येते.

कोणत्या गरजेला काय?

आठवण राहत नसेल तर : मोबाईलमध्ये बहुधा आधीच असलेले गूगल कॅलेंडर पुरे आहे. चाचणी, सहामाही, प्रात्यक्षिके यांच्या तारखा आणि दोन दिवस आधीची आठवण त्यात घालावी. कामाची यादी करण्यासाठी गूगल कीप किंवा मायक्रोसॉफ्ट टू डू चालते. दोन्हींत मराठीत लिहिता येते.

मन लागत नसेल तर : इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना एक साधी रीत काढली. स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर वेळ लावून २५ मिनिटे एकच काम करायचे, मग ५ मिनिटे उठायचे. इटालियन भाषेत टोमॅटोला 'पोमोदोरो' म्हणतात, तेच नाव या रीतीला पडले. याला मोबाईलचे साधे घड्याळ किंवा घरातला गजर पुरतो. 'फॉरेस्ट' नावाचे ॲप आहे, त्यात अभ्यास चालू असेपर्यंत पडद्यावर झाड वाढते आणि मध्येच मोबाईल चाळायला घेतला की ते वाळते. मुलांना गंमत वाटते. मात्र त्यात पैसे देऊन घ्यायच्या गोष्टीही असतात, त्या घेऊ नयेत.

ध्यानात राहत नसेल तर : जर्मन शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून थोड्या थोड्या अंतराने उजळणी करणे गुणकारी ठरते. एकदम पाणी सोडण्यापेक्षा पाळ्या द्याव्यात, तसेच हे. अँड्रॉइडवरील 'अँकीड्रॉइड' हे ॲप याच तत्त्वावर चालते. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशी पत्रे मुलाने स्वतः करायची. जे चुकते ते लवकर पुन्हा विचारले जाते, जे येते ते उशिरा. हे मोफत आहे आणि जाहिराती नाहीत. पत्रे आयती उतरवून घेण्यापेक्षा स्वतः केली तर निम्मा अभ्यास तेथेच होतो.

पुस्तके आणि दाखले यांसाठी : बालभारतीच्या पुस्तकांवरील चौकोनी क्यूआर कोड 'दीक्षा'ने वाचला की त्या धड्याचे साहित्य उघडते. गुणपत्रकांसाठी सरकारचे डिजिलॉकर आहे. प्रवेशाच्या धावपळीत याचा उपयोग होतो. डिजिलॉकरचा पासवर्ड मित्रांत वाटू नये.

प्रश्नांची उत्तरे लिहून देणारी चॅटजीपीटीसारखी नवी साधनेही मुले वापरतात. चॅटजीपीटीच्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलांना ते नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते. न समजलेले विचारून घ्यायला हरकत नाही, पण उत्तर चुकीचे असू शकते, ते पुस्तकाशी ताडून पाहावे. आयता निबंध उतरवला तर शिकला मोबाईल आणि पोरगे राहिले कोरे.

आमच्या घरची गोष्ट

आता पाचव्या कसोटीकडे येतो. दिवाळीनंतर आम्ही मुलीचा मोबाईल पाहिला. अभ्यासाची म्हणून अकरा ॲप्स होती. एकात वेळापत्रक, दुसऱ्यात पुन्हा वेळापत्रक, तिसऱ्यात रंगीत नोट्स. रोज अर्धा तास वेळापत्रक रंगवण्यातच जात होता. आम्ही रागाच्या भरात सगळी काढून टाकली. चूक आमचीच झाली. त्यानंतर महिनाभर ती मोबाईल पालथा ठेवायला लागली आणि आम्ही खोलीत गेलो की गप्प बसायला लागली.

गटातला तो प्रकार घडला तेव्हा आमचे डोळे उघडले. आपल्या घरीही असे झाले असते तर मुलीने सांगितले असते का? उत्तर देण्याचे धाडस झाले नाही. त्या रविवारी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "बाळ, माझं चुकलं. आता तू मला शिकव, कोणतं ॲप कशाला लागतं ते." दोन तास बसलो. प्रत्येकाची परवानगी तिनेच उघडून वाचली. पीडीएफ उघडणाऱ्या एका ॲपने सगळ्या फोननंबरांची परवानगी घेतलेली तिलाच सापडली. "हे कशाला पाहिजे याला?" असे तीच म्हणाली. शेवटी तीन ॲप्स राहिली, आणि ती तिने स्वतः निवडलेली आहेत.

तेव्हापासून एक नियम केला आहे. नवे ॲप म्हणजे प्रायोगिक प्लॉट. नवी जात आपण एकदम सगळ्या क्षेत्रात लावत नाही, दोन गुंठे लावून पाहतो. ॲपही पंधरा दिवस वापरायचे. मग विचारायचे : याने काय काम झाले? मोबाईलच्या 'डिजिटल वेलबीइंग' या भागात कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसते. नियोजनाच्या ॲपवर रोज दहा मिनिटांहून जास्त वेळ जात असेल, तर ते तण समजून काढावे.

घरात एकच मोबाईल असेल तर

आपल्या बहुतेक घरांत हीच स्थिती आहे. अशा वेळी बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे. पिन मुलाला सांगू नये आणि मुलासमोर दाबू नये. उसाच्या बिलाचे मोठे खाते यूपीआयला न जोडता थोड्या रकमेचे दुसरे खाते जोडावे.

मुलाला वेगळा मोबाईल दिला असेल तर गूगलच्या 'फॅमिली लिंक'मधून नवे ॲप टाकण्यापूर्वी पालकाची मंजुरी मागता येते आणि वेळेची मर्यादाही लावता येते. ते लपून लावू नये, मुलाला सांगून लावावे. खाते काढताना मुलाचे जन्मवर्ष खरे टाकावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक धरले आहे. त्यांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खात्रीची संमती घ्यावी, त्यांच्या वागण्याचा मागोवा घेऊ नये आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणायचे ठरले. वय खोटे टाकले तर हे संरक्षण आपण आपल्याच हाताने घालवतो.

चूक झालीच तर

१) मोबाईलचा डेटा आणि वाय-फाय ताबडतोब बंद करावे.
२) दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत.
३) पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, म्हणून पहिले काही तास मोलाचे. उसाला आग लागली तर आपण सकाळची वाट पाहतो का?
४) संशयित ॲप काढावे आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलावेत.
५) मुलाला त्या दिवशी रागावू नये. त्याने सांगितले म्हणून उरलेले वाचले, हे त्याला बोलून दाखवावे.

पाचवा मुद्दा लिहायला सोपा आणि करायला अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही बाकीच्या चारांचा उपयोग त्याच्यावरच अवलंबून आहे.

सारांश, गरज पाहून, ठिकाण पाहून, परवानगी वाचून, दोन-तीनच ॲप्स घ्यावीत आणि ती मुलाच्या शेजारी बसून घ्यावीत. बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलतो, तशी या ॲप्सची तपासणी दर सहामाहीला करावी. येत्या रविवारी ऊस भरणीच्या कामातून तासभर काढून मुला-मुलींसोबत मोबाईल उघडून बसावे, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती. ज्यांना परवानग्या पाहणे जमणार नाही त्यांनी गट कार्यालयात बैठकीच्या दिवशी मोबाईल घेऊन यावे. येताना मुलालाही सोबत आणावे, म्हणजे दाखवील तो आणि शिकू आपण दोघे.

आपला,
ऊस विकास अधिकारी